इमारतींच्या पायाचे वाळवीरोधक उपचार (खानदेश)

वाळवीरोधक मृदा-उपचार म्हणजे इमारतीच्या पायाभोवतीची आणि जोत्याखालील माती ठरावीक प्रमाणात पाण्यात मिसळलेल्या कीटकनाशकाने भिजवून, जमिनीतून वर येणाऱ्या वाळवीच्या मार्गात अखंड रासायनिक अडसर उभा करण्याची पद्धत होय. हा उपचार बांधकाम चालू असताना किंवा इमारत पूर्ण झाल्यानंतर करता येतो. भारतात त्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस ६३१३' हे मानक प्रमाण मानले जाते. खानदेशातील जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत काळी कसदार माती, तीव्र उन्हाळा आणि वस्तीतच असणाऱ्या विहिरी व कूपनलिका यांमुळे या उपचाराला काही विशेष मर्यादा पडतात. अडसर अखंड असणे आणि द्रावण मोजून तयार केलेले असणे या दोन गोष्टींवर त्याचे यश अवलंबून असते. औषध जास्त वापरल्याने अडसरातील फट भरून निघत नाही.

## वाळवी आणि तिचा उपद्रव

वाळवी हा वसाहत करून राहणारा कीटक आहे. खानदेश, विदर्भ व मराठवाड्यात तिला 'उधई' असेही म्हणतात. 'पांढरी मुंगी' हे नाव रूढ असले तरी वाळवीचे जवळचे नाते मुंगीशी नसून झुरळाशी आहे. आधुनिक वर्गीकरणात तिचा समावेश झुरळांच्याच गणात केला जातो. वसाहतीत राणी, राजा, सैनिक आणि कामकरी असे गट असतात. लाकूड, कागद, कापड अशा सेल्युलोजयुक्त वस्तू पोखरण्याचे काम कामकरी वाळवी करते.

भारतात इमारतींना उपद्रव देणाऱ्या वाळवींपैकी बहुतेक जाती जमिनीत राहणाऱ्या आहेत. ओडोन्टोटर्मीस, मायक्रोटर्मीस आणि कॉप्टोटर्मीस या प्रजातींचा त्यांत समावेश होतो. ओडोन्टोटर्मीस वाळवी वारुळात बुरशीची लागवड करते आणि त्या बुरशीच्या मदतीने लाकडाचे पचन करते. जमिनीतील वाळवीचे शरीर नाजूक असते आणि कोरड्या हवेत ते लवकर सुकते. त्यामुळे ती उघड्यावरून जात नाही. माती, लाळ आणि विष्ठा यांपासून बनवलेल्या बंद नळ्यांमधून ती ओलाव्याच्या आधाराने वर चढते. भिंतीवर किंवा जोत्यावर दिसणाऱ्या अशा मातीच्या नळ्या हे तिच्या उपद्रवाचे सर्वांत स्पष्ट लक्षण होय. पावसाळ्याच्या आरंभी दिव्याभोवती जमणारी पंखधारी वाळवी आणि दुसऱ्या दिवशी खिडकीखाली पडलेले पंखांचे ढीग ही जवळपास वसाहत असल्याची खूण मानली जाते.

वाळवी काँक्रीट किंवा दगड खात नाही. मात्र काँक्रीटमधील बारीक भेगा, फरशी व भिंत यांचा सांधा आणि नळ व तारांच्या वाटा यांतून ती आत शिरते. म्हणून काँक्रीटची चौकट असलेले घर वाळवीपासून आपोआप सुरक्षित असते हा समज चुकीचा आहे.

## खानदेशातील पार्श्वभूमी

ब्रिटिश काळातील खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. त्यांतून पुढे आजचे जळगाव आणि धुळे हे जिल्हे आले. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तापी आणि तिच्या गिरणा, पांझरा, बोरी, वाघूर, अनेर इत्यादी उपनद्यांच्या खोऱ्यांत या प्रदेशाची बहुतांश वस्ती आहे. नदीकाठच्या भागात गाळाच्या आणि काळ्या मातीचे जाड थर आढळतात.

गावाच्या जमिनीची 'काळी' आणि 'पांढरी' अशी पारंपरिक विभागणी महाराष्ट्रात सर्वत्र प्रचलित होती. काळी म्हणजे पिकाची शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गावठाणाची जमीन. खानदेशातील जुनी धाब्याची घरे पांढरीच्या मातीत बांधली जात. त्यांचे छप्पर लाकडी तुळया व फळ्यांवर मातीचा थर देऊन केलेले सपाट धाबे असे. अशा घरात लाकडाला मातीचा स्पर्श वरूनही होत असे आणि खालूनही. त्यामुळे लाकूड निवडण्याला व त्याची मांडणी करण्याला महत्त्व होते. मुख्य खांबांसाठी सागाला पसंती असे. खांब थेट जमिनीत न पुरता दगडी तळखड्यावर उभा केला जाई आणि जोते दगडात बांधून उंच ठेवले जाई. जमिनीत जाणाऱ्या लाकडाच्या टोकाला डांबर लावण्याची पद्धतही होती. वाळवीला लपून वर येता येऊ नये आणि आली तर ती डोळ्यांना दिसावी, हे तत्त्व या उपायांत होते. आधुनिक मानकाच्या पहिल्या भागात सांगितलेले बांधकामविषयक उपायही याच तत्त्वावर आधारलेले आहेत.

गेल्या काही दशकांत गावठाणाबाहेर, पूर्वी शेती असलेल्या बिनशेती भूखंडांवर घरे उभी राहू लागली. त्यामुळे घराचा पाया पांढरीतून काळीत आला. शेतातील झाडांची मुळे, बुंधे आणि पिकांची धसकटे जमिनीत राहिल्यास ती वाळवीचे खाद्य ठरतात. बांधकामानंतर भरावात राहिलेले सेंटरिंगच्या लाकडाचे तुकडेही असाच धोका निर्माण करतात.

हा प्रश्न घरांपुरता मर्यादित नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या १९२६ मधील निधनानंतर त्यांच्या नावाने स्थापन झालेले संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर या धुळ्यातील संस्थांत जुनी हस्तलिखिते व कागदपत्रे जतन केलेली आहेत. अशा संग्रहांच्या दृष्टीने वाळवी हा आगीइतकाच गंभीर धोका असतो, कारण पोखरलेला कागद पुन्हा मिळवता येत नाही.

## मानके आणि कायदा

'आयएस ६३१३' या मानकाचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात बांधकामविषयक उपाय, दुसऱ्या भागात बांधकामापूर्वीचे व बांधकामादरम्यानचे रासायनिक उपचार आणि तिसऱ्या भागात उभ्या इमारतींवरील उपचार दिले आहेत. या मानकाच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमधील औषधांची यादी बदलत गेली आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत आल्ड्रिन, हेप्टाक्लोर आणि क्लोरडेन ही सेंद्रिय क्लोरीन गटातील कीटकनाशके होती. ती मातीत अनेक वर्षे टिकतात आणि प्राण्यांच्या चरबीत साठतात. या तिन्ही कीटकनाशकांवर भारतात बंदी आहे. २००१ च्या आवृत्तीत समाविष्ट असलेल्या लिंडेनच्या उत्पादनावर २५ मार्च २०११ पासून आणि वापरावर २५ मार्च २०१३ पासून बंदी आली.

सध्या प्रामुख्याने पुढील औषधे वापरात आहेत :

* क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी : वापरायच्या द्रावणातील तीव्रता १ टक्का
* बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसी : तीव्रता ०.०५ टक्के
* इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी : तीव्रता ०.०७५ टक्के

'ईसी' म्हणजे पाण्यात टाकताच दुधासारखे पांढरे पायस तयार करणारे तेलकट औषध आणि 'एससी' म्हणजे बारीक कण पाण्यात तरंगत ठेवणारे दाट औषध. क्लोरपायरीफॉस आणि इमिडाक्लोप्रिड ही कीटकांच्या मज्जासंस्थेवर वेगवेगळ्या ठिकाणी आघात करतात. बायफेन्थ्रिनमुळे वाळवी उपचारित मातीपासून दूर राहते. इमिडाक्लोप्रिड तिला जाणवत नाही, त्यामुळे ती त्या मातीतून जाते आणि मरते. वाळवी दूर ठेवणाऱ्या औषधाच्या अडसरात फट राहिली, तर वाळवी चाचपडत नेमकी तीच वाट शोधते.

क्लोरपायरीफॉसविषयी जगभर वाद आहे. अमेरिकेत २००० मध्ये झालेल्या करारानुसार त्याचा घरगुती वापर टप्प्याटप्प्याने थांबवण्यात आला. भारतात २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २७ कीटकनाशकांवरील बंदीच्या मसुद्यात त्याचे नाव होते, मात्र २०२३ च्या अंतिम आदेशात त्यावर सरसकट बंदी आली नाही. २०२५ मध्ये स्टॉकहोम करारातील निर्मूलनाच्या यादीत काही अपवादांसह त्याचा समावेश झाला. म्हणून औषध निवडताना त्या वेळी लागू असलेले नियम आणि बाटलीवरील अधिकृत मजकूर पाहणे आवश्यक ठरते.

भारतातील कीटकनाशकांचे नियमन कीटकनाशक कायदा, १९६८ आणि कीटकनाशक नियम, १९७१ यांनुसार होते. व्यावसायिक कीडनियंत्रण करणाऱ्याकडे परवाना असणे बंधनकारक आहे. प्रत्येक बाटलीवर चौकोनी हिऱ्याच्या आकाराचे चिन्ह असते आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग विषारीपणाची पातळी दाखवतो. लाल रंग अत्यंत विषारी, पिवळा तीव्र विषारी, निळा मध्यम विषारी आणि हिरवा सौम्य विषारी असा हा क्रम आहे. क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी पिवळ्या वर्गात मोडते.

## द्रावणाचे प्रमाण आणि हिशेब

वाळवीरोधक उपचारात दोन वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात. पाण्यात औषध किती मिसळायचे ही द्रावणाची तीव्रता आणि तयार द्रावण किती जागेला किती द्यायचे ही मात्रा. यांपैकी एक जरी चुकली तरी उपचार निरुपयोगी किंवा घातक ठरतो.

क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसीपासून १ टक्का द्रावण करण्यासाठी एक भाग औषधात १९ भाग पाणी मिसळतात, म्हणजे एक लिटर तयार द्रावणात ५० मिलिलिटर औषध असते. बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसीचे प्रमाण लिटरला २० मिलिलिटर, तर इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससीचे प्रमाण लिटरला सुमारे २.१ मिलिलिटर आहे. इमिडाक्लोप्रिडच्या बाटलीवरील टक्केवारी वजनाची असून हा द्रव पाण्यापेक्षा जड असतो. त्यामुळे केवळ टक्केवारीवरून हिशेब केल्यास औषध थोडे जास्त पडते. एकाच औषधाची बाजारात निरनिराळ्या तीव्रतेची रूपेही मिळतात. उदाहरणार्थ, क्लोरपायरीफॉस ५० टक्के ईसी असल्यास १ टक्का द्रावणासाठी लिटरला २० मिलिलिटरच पुरते.

१० मीटर लांब आणि ८ मीटर रुंद अशा घराचा परिघ ३६ मीटर होतो. बाहेरील परिघावर दर मीटरला २.२५ लिटर या मात्रेने ८१ लिटर द्रावण लागते. त्यासाठी क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी ४.०५ लिटर, किंवा बायफेन्थ्रिन २.५ टक्के ईसी १.६२ लिटर, किंवा इमिडाक्लोप्रिड ३०.५ टक्के एससी सुमारे १७० मिलिलिटर पुरते. याच घराच्या जोत्यातील ८० चौरस मीटर भरावावर दर चौरस मीटरला ५ लिटर या मात्रेने ४०० लिटर द्रावण लागते. क्लोरपायरीफॉस वापरल्यास त्यात २० लिटर औषध, म्हणजे ४ किलोग्रॅम शुद्ध विष असते.

या आकड्याचा अर्थ कापूस पिकवणाऱ्या प्रदेशात सहज लक्षात येतो. कपाशीवर क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसीची शिफारस हेक्टरी सुमारे सव्वा लिटरची आहे. म्हणजे १६ हेक्टर किंवा सुमारे ४० एकर कपाशीच्या एका फवारणीला पुरेल इतके औषध एकाच घराच्या फरशीखाली जाते. म्हणूनच हे काम शेतातल्या फवारणीसारखे अंदाजाने करता येत नाही.

शेतकरी कुटुंबात कीटकनाशकाची बाटली आणि पाठीवरचा पंप घरातच असतो. त्यातून दोन चुका संभवतात. पिकाला द्यायचे लिटरला दोन-अडीच मिलिलिटर प्रमाण पायाला वापरले, तर क्लोरपायरीफॉसचे द्रावण आवश्यकतेपेक्षा वीसपट सौम्य होते आणि वाळवी थांबत नाही. तो अनुभव आल्यावर न मोजता ओतलेले औषध माती धरून ठेवू शकत नाही आणि ते विहिरीकडे किंवा घरातील हवेत जाण्याचा धोका वाढतो.

## मिश्रण करताना घ्यायची काळजी

सर्वाधिक धोका मूळ औषध हाताळताना असतो, कारण तयार द्रावणाच्या तुलनेत ते कित्येक पट तीव्र असते. मिश्रण उघड्या जागी, विहीर, हापसा, पाण्याचा हौद, गोठा आणि स्वयंपाकघर यांपासून दूर केले जाते. मिश्रण करणाऱ्याने वारा पाठीवर घेऊन उभे राहणे योग्य असते. रसायनरोधक रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, गमबूट, डोळ्यांसाठी बंद चष्मा आणि सेंद्रिय वाफांसाठीचा गाळणीयुक्त मुखवटा ही साधने आवश्यक मानली जातात. नाकावर बांधलेला रुमाल वाफ अडवत नाही. तो ओला झाल्यास औषध उलट तोंडाजवळच राहते.

मिश्रणाचा सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे आहे :

* बाटलीवरील मजकूर वाचून औषधाची तीव्रता आणि इमारतीसाठी त्याची शिफारस असल्याची खात्री करणे.
* लागणारे एकूण द्रावण आधी मोजणे आणि त्या दिवशी संपेल इतकेच तयार करणे.
* टाकीत निम्मे स्वच्छ पाणी घेणे. गढूळ पाण्यातील मातीचे कण औषध शोषून घेतात.
* मोजपात्राने मोजलेले औषध सावकाश ओतणे, लांब काठीने ढवळणे आणि मग उरलेले पाणी घालणे.
* रिकामी बाटली पाण्याने तीन वेळा विसळून ते पाणी टाकीतच ओतणे.

टाकी भरताना पाण्याच्या नळीचे टोक द्रावणात बुडू देऊ नये. वीज गेल्यास किंवा पंप बंद पडल्यास द्रावण उलट दिशेने कूपनलिकेत ओढले जाऊ शकते. नळी तोंडाने ओढून औषध काढणे, हाताने ढवळणे, दोन औषधे एकत्र करणे किंवा त्यात रॉकेल मिसळणे हे प्रकार घातक आहेत. वापरलेले मोजपात्र व बादली पुन्हा घरगुती कामाला घेऊ नये. औषध पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत काढून ठेवू नये. क्लोरपायरीफॉसचे विघटन क्षारधर्मी पाण्यात आणि उष्णतेत लवकर होते, त्यामुळे रात्रभर ठेवलेल्या द्रावणाची तीव्रता भरवशाची राहत नाही.

## उपचाराची पद्धत

### बांधकामादरम्यान

पाया खोदून तयार झाल्यावर आणि काँक्रीट टाकण्यापूर्वी उपचाराला सुरुवात होते. भारवाही भिंतींच्या घरात चराचा तळ आणि ३०० मिलिमीटर उंचीपर्यंतच्या बाजू दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावणाने भिजवतात. पायाला लागून परत भरल्या जाणाऱ्या मातीला, पायाच्या उभ्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर द्रावण देतात. काँक्रीटच्या चौकटीच्या घरात खांब व जोत्याच्या तुळया यांभोवतीचा उपचार जमिनीखाली ५०० मिलिमीटर खोलीपासून सुरू होतो. द्रावण मातीत मुरून पृष्ठभाग कोरडा झाल्यावरच पुढचे काँक्रीट टाकले जाते.

जोत्याचा भराव ठोकून सपाट केल्यावर, कोबा करण्यापूर्वी, त्यावर दर चौरस मीटरला ५ लिटर द्रावण दिले जाते. भिंत आणि भराव यांच्या सांध्यावर ३० मिलिमीटर रुंद व तितकाच खोल चर काढतात. त्यात दर १५० मिलिमीटरवर सळईने भोके पाडून भिंतीच्या दर चौरस मीटरला ७.५ लिटर या मात्रेने द्रावण ओततात. मोरी, संडास आणि पाण्याचे नळ जिथे फरशीतून जातात तिथली माती सैल करून वेगळी भिजवावी लागते. इमारत पूर्ण झाल्यावर बाहेरील परिघावर दर १५० मिलिमीटरवर ३०० मिलिमीटर खोल भोके पाडून दर मीटरला २.२५ लिटर द्रावण देतात.

एकदा तयार झालेला अडसर नंतर मोडता कामा नये. नळ टाकण्यासाठी किंवा बागेसाठी पायालगतची माती उकरली गेली, तर तेवढ्या भागाचा उपचार पुन्हा करावा लागतो.

### उभ्या इमारतीत

उभ्या इमारतीत भिंतीलगत उथळ चर खोदून, द्रावणाचा झोत भिंतीकडे ठेवून, दर मीटरला १.७५ लिटर द्रावण दिले जाते. चरात दर १५० मिलिमीटरवर १२ मिलिमीटर व्यासाच्या सळईने भोके पाडल्यास द्रावण खोलवर पोहोचते. चर बुजवताना परत टाकायच्या मातीला उरलेले अर्धा लिटर दिले जाते. दोन्ही मिळून मात्रा २.२५ लिटरच होते. घराभोवती काँक्रीटचा किंवा फरशीचा पट्टा असल्यास जोत्याच्या भिंतीशी दर ३०० मिलिमीटरवर भोके पाडून द्रावण आत सोडतात. घरात फरशी व भिंतीच्या सांध्यावर १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडून प्रत्येकात जास्तीत जास्त एक लिटर द्रावण दिले जाते आणि ती भोके नंतर सिमेंटने बुजवली जातात. लाकडी चौकट व भिंत यांच्या सांध्यावर तिरकी बारीक भोके पाडून प्रत्येकात अर्ध्या लिटरपर्यंत द्रावण भरले जाते.

भोके पाडण्यापूर्वी फरशीखालून गेलेले नळ व विजेच्या तारा कुठे आहेत हे पाहणे आवश्यक असते. काम चालू असताना आणि पृष्ठभाग पूर्ण वाळून खोल्यांत हवा खेळेपर्यंत लहान मुले, गरोदर स्त्रिया, आजारी माणसे व पाळीव जनावरे यांना दूर ठेवले जाते.

पिकावर धुके तयार करणारा फवारा या कामाला अयोग्य असतो. मातीच्या उपचारात द्रावण कमी दाबाने, झारीसारखे मोठ्या थेंबांत सोडावे लागते. बारीक थेंब हवेत उडतात, कामगाराच्या श्वासात जातात आणि मातीत मुरत नाहीत. उपचारासाठी वापरलेला पंप पुन्हा पिकासाठी न वापरणे श्रेयस्कर.

## काळ्या मातीच्या अडचणी

काळ्या मातीतील चिकणमातीची खनिजे पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते तेव्हा या जमिनीला हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात. पावसात त्याच भेगा मिटतात आणि माती इतकी घट्ट होते की पाणी सावकाश मुरते. वाळवीरोधक उपचाराला या दोन्ही अवस्था प्रतिकूल आहेत.

भेगाळलेल्या जमिनीवर ओतलेले द्रावण पायालगतची माती न भिजवता भेगेतून थेट खाली जाते. वरून मात्रा पूर्ण दिल्यासारखी दिसते, पण अडसर तयार होत नाही आणि जवळच्या विहिरीला धोका पोहोचतो. ओल्या चिकट मातीत द्रावण मुरतच नाही आणि उताराने वाहून जाते. म्हणून पाऊस चालू असताना किंवा माती पावसाने वा भूजलाने ओली असताना उपचार करू नये असे मानकातही सांगितले आहे. भेगाळलेल्या जमिनीत आधी पायालगतची माती खणून, ढेकळे फोडून भेगा बुजवाव्या लागतात आणि मग द्रावण थोडे थोडे देऊन मुरू द्यावे लागते. पावसाळा संपून माती वाफशावर आल्यानंतरचा हिवाळ्याचा काळ उभ्या घरांच्या उपचारासाठी त्यातल्या त्यात सोयीचा ठरतो. त्या काळात संरक्षक कपडे घालून काम करणेही सुसह्य असते. उन्हाळ्यात घामेजलेल्या त्वचेतून औषध अधिक सहज शोषले जाते आणि उकाड्यामुळे कामगार मुखवटा व हातमोजे काढून टाकतात.

काळ्या जमिनीत पाया घेताना पायाभोवती व जोत्यात मुरमाचा भराव करण्याची पद्धत आहे. मुरूम फुगत नाही, त्यामुळे त्यातील अडसर अधिक टिकाऊ राहतो. मात्र मुरमातून द्रव लवकर झिरपतो, म्हणून तिथे द्रावण सावकाश देणे महत्त्वाचे असते. पुढील वर्षांत जमीन हलून भिंत व मातीत फट पडल्यास त्या फटीत अडसर उरत नाही. त्यामुळे दरवर्षी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाळ्यानंतर जोत्याची बाहेरून पाहणी करणे उपयुक्त असते.

## पाणी आणि पर्यावरण

पिण्याच्या पाण्याच्या विहिरी व झरे दूषित होणार नाहीत याची काळजी घेण्याची सूचना मानकात स्पष्टपणे दिलेली आहे. क्लोरपायरीफॉस व बायफेन्थ्रिन मातीच्या कणांना घट्ट चिकटतात, तर इमिडाक्लोप्रिड पाण्यात तुलनेने अधिक विरघळते आणि दूरवर वाहून जाऊ शकते. बायफेन्थ्रिन मासे व जलचरांना अत्यंत विषारी आहे. इमिडाक्लोप्रिड मधमाश्यांना घातक आहे. विहीर किंवा कूपनलिका घराला लागून असल्यास तिथे दाबाने द्रावण सोडणे टाळतात. त्याऐवजी पायालगतची माती ताडपत्रीवर काढून, तिला द्रावण लावून, ते मुरल्यावर माती परत भरण्याची पद्धत वापरता येते.

उरलेले द्रावण गटारात, नाल्यात किंवा उकिरड्यावर ओतणे नियमबाह्य आणि धोकादायक आहे. कीटकनाशक नियमांतील ४४ व्या नियमानुसार वापरलेली वेष्टने व धुवण यांमुळे पाणी व पर्यावरण दूषित होणार नाही अशी विल्हेवाट लावावी लागते. रिकामी बाटली पुन्हा वापरता येऊ नये म्हणून ती फोडणे आवश्यक असते.

## विषबाधा आणि प्रथमोपचार

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरील फवारणीदरम्यान झालेल्या विषबाधेत सुमारे २० शेतकरी व शेतमजुरांचा मृत्यू झाला. संरक्षक साधनांचा अभाव आणि निरनिराळ्या कीटकनाशकांची मिश्रणे यांकडे त्या घटनेने लक्ष वेधले. पायाच्या उपचारात वापरले जाणारे क्लोरपायरीफॉसचे द्रावण पिकावरील द्रावणापेक्षा कितीतरी तीव्र असल्याने ही खबरदारी तिथेही तितकीच लागू पडते.

क्लोरपायरीफॉसच्या विषबाधेत मळमळ, उलटी, पोटात कळ, अति घाम, तोंडाला लाळ सुटणे, डोळ्यांतून पाणी येणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे आणि श्वास घेण्यास त्रास ही लक्षणे दिसतात. अशा व्यक्तीला मोकळ्या हवेत नेऊन दूषित कपडे काढतात आणि त्वचा साबणाने व भरपूर पाण्याने धुतात. डोळ्यांत औषध गेल्यास किमान १५ मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळे धुवावे लागतात. औषध पोटात गेल्यास उलटी करवू नये, कारण ईसी औषधातील तेलकट द्रावक फुप्फुसात जाऊन अधिक इजा करतो. मदत करणाऱ्यानेही हातमोजे घालणे आवश्यक असते. ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्सीम हे उतारे डॉक्टरांनीच द्यायचे असतात. रुग्णासोबत औषधाची बाटली किंवा तिच्यावरील चिठ्ठी नेल्यास उपचार लवकर सुरू होतात. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा निःशुल्क क्रमांक १८०० ११६ ११७ असा आहे.

## मर्यादा आणि पूरक उपाय

मातीतील औषधाचे कालांतराने विघटन होते, त्यामुळे कोणताही रासायनिक अडसर कायमचा नसतो. कोरड्या लाकडातच राहणाऱ्या वाळवीवर मातीच्या उपचाराचा परिणाम होत नाही. पायालगत ओल राहू न देणे, गळके नळ दुरुस्त करणे, छपराचे पाणी जोत्यापासून दूर काढणे आणि सरपण, पऱ्हाट्या, खोकी व रद्दी भिंतीला लागून न रचणे हे उपाय बिनखर्चाचे असून त्यांशिवाय रासायनिक उपचारही अपुरा पडतो. खानदेशात कापसाचा हंगाम संपल्यावर जळणासाठी घरामागे रचलेली पऱ्हाट्यांची गंजी जमिनीला व भिंतीला टेकलेली असल्यास ती वाळवीला अन्न, ओलावा आणि आडोसा एकाच ठिकाणी पुरवते. गंजी दगडांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचली, तर वाळवीची वाट वेळीच डोळ्यांना दिसते.